ऐकवून पाहिले

शाळा सुटली होती, मुलं फाटकातून सांडत होती, आणि त्या गर्दीत आपलं पोर शोधत असताना वर्गाच्या बाईंनी तिला हाक मारली. "जरा थांबता का? थोडं बोलायचं होतं." एवढंच. पण तेवढ्यात तिच्या डोक्यात ताप येऊन गेला, जिन्यावरून पडणं झालं, ओठ फाटून टाके पडले, आणि एक अनोळखी माणूस कुंपणाच्या जाळीला तोंड लावून मुलीला नाव विचारून निघूनही गेला. मन चिंती ते वैरी न चिंती, असं सासूबाई तिच्याकडे बघून दिवसातून एकदा तरी म्हणतच. त्यांचं चुकत नव्हतं. तिचं मन म्हणजे वाईट बातम्यांचा कारखानाच होता आणि त्याला साप्ताहिक सुट्टी नव्हती. मुलगी तर समोरच होती. नळापाशी एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा मोजा वर ओढत होती. धडधाकट. घरात सगळे जिला भिंगरी म्हणत ती आज मात्र फिरत नव्हती, आईकडे रोखून बघत होती, जणू बाईंशी काय बोलणं होतंय ते आपल्याला ठाऊकच आहे.

"तब्येतीचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांना ही आई आता पाठ झाली होती. "भांडली फक्त. आमच्या शिपाईमामांशी." मग त्यांनी सगळं सांगितलं. काल पंपाच्या खोलीमागे मांजरीची दोन पिल्लं सापडली, डोळेही धड न उघडलेली. मामा ती आत आणायला गेले तर ही आडवी आली. हात लावायचा नाही, आई परत येते. मामा म्हणाले, अगं बाळ, गारठा आहे. तर म्हणे, लिहिलंय. मुलांच्या ज्ञानकोशात लिहिलंय, बघा. "मग मीच वर्गातल्या संगणकावर बघितलं. खरंच लिहिलं होतं. पिल्लांना हात लावू नये, मांजरी खाणं शोधायला जाते, आई परत येते. म्हटलं, इतकं स्पष्ट लिहिलंय तर राहू देत." बाईंनी आवाज खाली आणला. "सकाळी मामांनी बघितलं तर एक गेलेलं. मुलं यायच्या आत त्यांनी उचललं. दुसरं आहे त्यांच्या खोलीत, खोक्यात, गरम पाण्याची बाटली ठेवून. पण तुमच्या लेकीचं म्हणणं, आई रात्री येऊन एकाला घेऊन गेली, आता दुसऱ्याला न्यायला येणार, तर ते होतं तिथे परत ठेवा. मधल्या सुट्टीत मामांच्या दारात ठिय्या मारून बसली. डबा तसाच परत. आम्ही काही बोललो नाही. म्हटलं, हे आईनंच सांगितलेलं बरं." आणि वळता वळता, सहज, दाराला कडी घालावी तसं त्या म्हणाल्या, "असं अर्धवट कोण लिहितं कुणास ठाऊक. पोरंबाळं नसणार त्या माणसाला."

त्या माणसाला पोर होतं आणि ते आता त्या माणसाचा हात धरून रस्त्याच्या कडेनं चाललं होतं. ती तिन्ही वाक्यं तिची होती. तिनं ती मांडीवर संगणक घेऊन, गाळणीवरची चहापूड वाळून कडक होईपर्यंत बसून, एकेक शब्द पारखून तयार केली होती. प्रत्येक वाक्य खरं होतं, प्रत्येकाला आधार होता, कुठल्या पुस्तकातून घेतलं ते खाली लिहिलेलं होतं. मांजरी खाणं शोधायला जाते, हे खरं. पिल्लांना उगाच हात लावू नये, खरं. आई परत येते. तीन खरी वाक्यं एकाखाली एक ठेवली आणि त्यांतून एक खोटं तयार झालं, इतकं खोटं की त्याखाली एक पिल्लू रात्रभर पडून राहिलं आणि मोठी शहाणी माणसं, बाई, मामा, 'लिहिलंय' म्हणून हात आखडून बसली. तिचा तळहात घामेजला. मुलीनं तो सोडवून घेतला, आपल्या झग्याला पुसला आणि परत धरला. "तू मामांना सांगितलंस?" "काय?" "पिल्लू परत ठेवायला. ते माझं ऐकत नाहीत. तू मोठी आहेस." "उद्या बोलू." "उद्या उशीर होईल, आई. ती येईल, तिला दिसणार नाही, मग ती जाईल." शेवटचा शब्द म्हणताना मुलीचा आवाज जराही हलला नाही. तिला तिच्या आईसारखं घाबरायला येतच नव्हतं. फाटकापाशी यायला कधी उशीर झाला तर इतर मुलं रडकुंडीला आलेली असत. ही पायरीवर बसून बुटाच्या बंदाशी खेळत असे. "तू घाबरली नाहीस?" असं विचारलं तर हिचं उत्तर ठरलेलं, "तू येतेस ना पण." त्या उत्तरानं ती आजवर सुखावत आली होती. आज तेच उत्तर तिला पायाखालच्या सैल फरशीसारखं वाटलं, पाय पडला की खालून पचकन पाणी उडवणाऱ्या.

कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानातून वाफ येत होती. चावीवाल्यानं हातगाडीवर चाव्यांचे झुपके टांगले होते, आणि मुलगी रोजच्या सवयीनं त्यातल्या एकाला बोट लावून पुढे गेली. या कामात ती पडली त्याला बरेच दिवस झाले होते. नोकरी सोडली, मुलगी शाळेत जाऊ लागली, घर एकदम इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज अंगावर यायला लागला. कुणीतरी सांगितलं की लहान मुलांसाठी एक फुकटचा ज्ञानकोश आहे, माणसं आपणहून लिहितात, सुधारतात, पैसे नाहीत, नाव नाही. तिनं पहिल्या दिवशी 'ढग' सुधारला आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरातला धोका उचलून बाजूला ठेवतो आहोत. "लष्कराच्या भाकऱ्या," नवरा हसून म्हणायचा. "जगातली ही एवढीच माणसं मी बघितली, जी पगार न घेता शनिवार-रविवार भांडतात." सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या त्या साहेबाला सांग बाई, माझं पोर अजून उपाशी आहे म्हणून." साहेब कुणीच नव्हता. एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना सगळे भूगोलसर म्हणत. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांना डायनासोरांपलीकडे काही दिसत नसे. आणखी चार-दोन जण होते. दर रविवारी दुपारी पडद्यावर चौकोनाचौकोनांतून भेटत, एकाच्या चौकोनात कायम फक्त कपाळ दिसे. आणि त्यांचा एक नियम होता, भूगोलसरांनीच घालून दिलेला. लेख लिहून झाला की घरातल्या, शेजारच्या, कुठल्याही मुलाला तो एकदा वाचून दाखवायचा. नाटकीपणा नाही, समजावणं नाही, सरळ वाचायचं. मुलाला जिथे अडेल तिथे त्यानं हात वर करायचा. ते वाक्य मग फोडायचं, सोपं करायचं नाहीतर काढायचं. प्रत्येक बदलाखाली कारणाची एक चौकट असते, काय बदललं आणि का. त्यात लिहायचं: ऐकवून पाहिले. त्यावर वाद नाही. मुलाच्या हाताच्या वर अपील नाही.

इतरांची मुलं शब्दांना अडायची. दंतवैद्यांचा भाचा 'जीवाश्म' आला की हात वर करायचा आणि खाली घ्यायचा विसरायचा. तिची मुलगी शब्दांना कधीच अडली नाही. 'प्रकाशसंश्लेषण' तिनं चॉकलेट चघळावं तसं चघळून गिळलं. ती हात वर करायची ते भलतीकडे. 'हृदय थांबलं की माणूस मरतो.' हात वर. 'ज्वालामुखीजवळची गावं राखेखाली गेली.' हात वर. 'वादळात सापडलेल्या होड्या कधीकधी परत येत नाहीत.' हात वर. किती हळवं पोर, असं वाटून तिचा ऊर भरून यायचा, आणि ती ते वाक्य काढून टाकायची. हलक्या हातानं, डोळ्यात गेलेली पापणी काढावी तशी. कात्री असं तिचं नावच पडलं मंडळींत, आणि तिला ते आवडायचंही. तिच्या हाताखालून गेलेल्या लेखांत कुणाचंच हृदय थांबत नव्हतं. ते रात्रंदिवस चालू असायचं. ज्वालामुखी लांब कुठेतरी, माणसं नसलेल्या डोंगरावर, स्वतःशीच फुटायचे. होड्या झाडून सगळ्या किनाऱ्याला लागायच्या. फक्त मांजरीच्या वेळी भूगोलसर खाकरले होते. मूळ लेखात होतं: 'आई फार वेळ परत आली नाही तर पिल्लं गारठतात आणि मरतात. अशा वेळी मोठ्या माणसाला बोलवावं.' पहिलं वाक्य तिनं काढलं. मग दुसऱ्याला काही अर्थच उरला नाही, म्हणून तेही गेलं. "कात्रीबाई," सर म्हणाले होते, "भीती काढताना वाटेवरची पाटीपण उखडून नेलीत तुम्ही. पोरानं जायचं कुठे?" आणि तिनं, जरा घुश्शातच, म्हटलं होतं, "सर, मी ऐकवून पाहिलंय. माझी मुलगी तिथे थांबली." सरांनी बदल मान्य केला. नियम त्यांचाच होता.

लिफ्ट बंद होती. जिना चढताना मुलगी पुढे, ती मागे. हे सांगायचं कसं? ते पिल्लू मांजरीनं नेलं नाही. साधं वाक्य होतं, कुणालाही कळेल असं. पण पहिल्या मजल्यावर ते तिच्या छातीत होतं, दुसऱ्यावर घशात आलं, आणि तिसऱ्यावर दाराशी ती किल्ली शोधू लागली तेव्हा ते कुठेच नव्हतं. असं वाक्य म्हणतात कसं, कुठल्या आवाजात, उभं राहून की बसून, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिला ते कुणी म्हटलंच नव्हतं. ती या मुलीएवढी होती तेव्हा तिची आई एका दुपारी छोटी पिशवी घेऊन इस्पितळात गेली. संध्याकाळपर्यंत येते, म्हणाली. मग आत्या राहायला आली. आई कधी येणार, असं विचारलं की आत्या म्हणायची, "येईल हं, येईल संध्याकाळपर्यंत." कुठली संध्याकाळ ते आत्या सांगायची नाही. आत्याच्या गळ्यात बारीक साखळी होती, तिला एक हिरवा मणी होता, आणि 'येईल' म्हणायच्या आधी तो मणी वर जाऊन खाली यायचा. तिला आत्याचा चेहरा आता नीट आठवत नाही, मणी आठवतो. वडीलही बोलायच्या आधी असेच थांबायचे. शेजारच्या काकूही. सगळ्या घराला घसा आला होता आणि सगळे काहीतरी गिळत होते. मग एका सकाळी तिनं दारातून पाहिलं: आत्या आरशासमोर बसली होती आणि आईच्या कंगव्यानं स्वतःचे केस विंचरत होती. तेव्हा तिला कळलं. कुणी न सांगता. ती स्वयंपाकघरात गेली, पेलाभर दूध प्यायली आणि शाळेत गेली. त्यानंतर तिनं कुणाला विचारलं नाही आणि सगळे म्हणाले, किती समजूतदार पोर.

"आलात? आज उशीर केलात," सासूबाई म्हणाल्या. त्या बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुलीनं दप्तर टाकलं आणि थेट त्यांच्याकडे तक्रार नेली. "आजी, मामांनी मांजरीचं पिल्लू चोरलंय." "असं? मग पकडा त्या मामांना." "खरंच चोरलंय. आई सांगणार आहे त्यांना." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, हातातला परकर त्यांनी दोनदा घडी केला आणि म्हणाल्या, "मी जरा टेकते आत. डोकं चढलंय." डोकं चढलेलं नव्हतं. या बाई अशा वेळी बरोबर उठून जातात, हे तिला आज प्रथमच जाणवलं. तिला त्यांचा राग आला आणि मग वाटलं, निदान दार तरी लोटून घेऊ नका. त्यांनी दार लोटून घेतलं.

तिनं मुलीला समोर बसवलं. मोजे काढले. पायाच्या बोटांमधली माती झटकली. मोजे उलटे होते ते सुलटे केले. मग करण्यासारखं काही राहिलं नाही. "हे बघ," ती म्हणाली, "ते पहिलं पिल्लू. काल रात्री. म्हणजे मांजरी जी आहे ना..." आणि ती थांबली. समोर मुलीचा हात वर गेला होता. कोपर सरळ, बोटं जुळलेली, ऐकताना करायची अगदी तसाच. "आत्ता का वर केलास? मी वाचत नाहीये." "तू गिळलंस." "काय गिळलं?" "थुंकी. इथे." मुलीनं स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. "तू वाचताना गिळतेस ना, तिथे मी हात वर करते." तिला वाटलं आपण बसल्या जागी खाली जातो आहोत. "पण हात तर तुला अडलं की वर करायचा असतो, राणी. तुला भीती वाटली की." "मला नाही वाटत," मुलगी म्हणाली, जरा कंटाळून, मोठ्या माणसांना सगळंच फोडून सांगावं लागतं तशी. "तुला नको असतं ते. मग मी हात वर करते, मग तू ते काढून टाकतेस, मग तू बरी असतेस."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी तिचं ते एकसुरी पिपाणं वाजवत होती. पिल्लू, होड्या, राखेखालची गावं, थांबलेलं हृदय, सगळं तिच्यासमोर एका रांगेत आलं. इतके दिवस ती या पोराला वाचून दाखवत नव्हती. हे पोर तिला वाचत होतं. तिनं केवढ्या मिजाशीत लिहिलं होतं, ऐकवून पाहिले. आणि पलीकडे, तिला कधीही न दिसणाऱ्या घरांत, कुणाकुणाची मुलं विजेवरचं वाचत असतील, औषधांवरचं, विहिरीवरचं. त्यांतून तिनं काय काय काढलं होतं? विजेतून काय काढलं होतं? तिला आठवेना. तिला उठून आत्ताच्या आत्ता सगळं तपासावं असं वाटलं, सगळे लेख, पहिल्यापासून, आणि त्याच क्षणी कळलं की हीही पळवाटच. विहीर उद्याही तिथेच असेल. समोर एक मूल बसलं होतं आणि त्याचा हात अजून वर होता.

ती उठली, संगणक घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली तशी मुलगी सवयीनं तिच्या कुशीत शिरली. 'मांजर' उघडलं. जुना मजकूर तिथे जपलेला असतो. काढलेलं काहीच खरं म्हणजे जात नाही. तिनं ती दोन वाक्यं जागेवर परत आणून ठेवली. "आज हात वर करायचा नाही," ती म्हणाली. "इथे ठेव." आणि मुलीचा तळवा उचलून तिनं आपल्या गळ्यावर ठेवला. तळवा गार होता, त्याला खडूचा वास होता. ती वाचू लागली. मांजरी खाणं शोधायला जाते. पिल्लांना उगाच हात लावू नये. बहुतेक वेळा आई परत येते. "हे 'बहुतेक' नवीन आहे," मुलगी म्हणाली. "हो. नवीन आहे." मग पुढचं वाक्य आलं. ती थांबली. गळ्यातलं ते जुनं काहीतरी वर आलं, मुलीच्या तळव्याखालून सरकलं आणि खाली गेलं. तळवा त्याच्याबरोबर वर गेला, खाली आला. पण उचलला गेला नाही. "आई फार वेळ परत आली नाही," तिनं वाचलं, "तर पिल्लं गारठतात आणि मरतात."

मुलगी म्हणाली, "म्हणजे तिनं नाही नेलं." "नाही नेलं." "ते मेलं?" "हो." "मामांना माहीत होतं?" "हो." "बाईंना?" "बाईंनाही." "म्हणजे मलाच नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि मी दारात बसले होते." आता तिचा चेहरा लाल झाला. "तूच तर लिहिलं होतंस. मी सगळ्यांना सांगितलं, लिहिलंय म्हणून. मामा घेत होते त्याला. मी घेऊ दिलं नाही." "तू नाही, मी. तू लिहिलं होतं तसं केलंस. चुकीचं मी लिहिलं होतं." "मग मी मारलं नाही?" "नाही." तळवा तिच्या गळ्यावर घट्ट झाला, पोर शोधत होतं, इथे काही हलतंय का. काही हललं नाही. तेव्हा कुठे मुलगी रडली. मोठ्यानं, तोंड वासून, नाक गळत, समजूतदारपणाचा लवलेश नसलेलं रडणं. लोटलेलं दार जरासं किलकिलं झालं आणि परत तसंच राहिलं. तिनं मुलीला गप्प केलं नाही. येईल हं, होईल हं, काही काही म्हटलं नाही. नुसती धरून बसली, आणि इतक्या वर्षांनी तिला त्या पेलाभर दुधाची चव तोंडात आली.

रडणं दमल्यावर मुलीनं आईच्याच बाहीला नाक पुसलं. "दुसरं मामांकडे आहे ते बरोबर आहे?" "बरोबर आहे. पुढचं वाक्य वाच की." मुलीनं बोट ठेवून वाचलं, अशा, वेळी, मोठ्या, माणसाला, बोलवावं. विचार केला. "तू आली नाहीस तर?" हे येणार हे तिला ठाऊक होतं, दिवसभर, वर्षभर, ही मुलगी झाल्यापासून ती याच प्रश्नाच्या पुढे पुढे धावत होती. हात गळ्यावर होता; लपवायला जागा नव्हती. तिनं घोट गिळला, मुलीनं तो गिळू दिला. "तर मोठ्या माणसाला बोलवायचं," ती म्हणाली. "बाबांना. आजीला." "मामांना चालेल?" "मामांना चालेल." "मामांकडे बाटली आहे," मुलगी म्हणाली. "गरम पाण्याची." आणि त्या बाबतीत तिच्यापुरता प्रश्न मिटला.

पडद्यावर कारणाची चौकट उघडी होती. काय बदललं आणि का. तिनं लिहिलं, ऐकवून पाहिले, आणि बटण दाबलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "चहा टाकू का गं?" त्यांच्या आवाजालाही नाक चोंदलेलं होतं. तिनं संगणक मिटायला घेतला, तर मुलीनं तो मिटू दिला नाही.

"आता हृदयाचं," ती म्हणाली आणि हात परत गळ्यावर ठेवला.